'बी' दाबलं की मथळा होतो का? स्टाइलच्या खिडकीविषयी तक्रार आणि विचारणा

लोकमान्यनगरी (इंदूर) · रविवार, रात्री १०:२०

मंडळी, नमस्कार.

आमच्या छोट्याशा मराठी मंडळाचं यंदा पन्नासावं वर्ष. स्मरणिका काढायचं ठरलं आणि "तुम्हाला कॉम्प्युटर येतो ना" एवढ्या भांडवलावर ते काम माझ्या गळ्यात पडलं. एकतीस लेख, नऊ कविता, अध्यक्षांचं मनोगत (ते अजून यायचं आहे). लेख आले कसे म्हणाल तर काही वर्डमध्ये, काही गुगल डॉक्समधून, काही व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यांनी. सगळं लिबरऑफिसच्या रायटरमध्ये (वर्डसारखाच प्रोग्राम) एका फायलीत ओतलं. झाली १६४ पानं.

परवा मुद्रकाचा फोन. "सोळा पानांचे दहा फर्मे म्हणजे १६०. वरच्या चार पानांसाठी मी अकरावा फर्मा चढवू का? मजकूर चौदा पॉइंटचा आहे, साडेतेरा करा, बसेल आत."

मी म्हटलं, दोन मिनिटांचं काम. स्टाइल (म्हणजे फॉन्ट, आकार वगैरे एका नावाखाली बांधून ठेवलेलं) लावलेली आहे, तिथे आकडा बदलायचा की झालं. एफ-११ दाबून स्टाइलची खिडकी उघडली, मजकुराच्या स्टाइलमध्ये १४ चे १३.५ केले, ओके म्हटलं. आणि काय झालं सांगू? मराठी मजकूर जागचा हलला नाही. लेखांमध्ये मधूनमधून आलेले इंग्रजी शब्द तेवढे बारीक झाले! 'एसबीआय'वाल्या एका काकांच्या लेखात सगळी बँकेची नावं खुजी आणि आजूबाजूचं मराठी ऐसपैस.

आता ही माझी चूक असेल, मान्य. पण त्यानंतर मी एक उद्योग केला. शनिवारच्या बैठकीला मंडळाचे तीन सभासद लॅपटॉपपुढे बसवले, एकेक करून. समोर एक लेख. सांगितलं, "वरच्या ओळीचा मथळा करा." तिघंही रोज कॉम्प्युटर वापरणारे, एक तर निवृत्त मुख्याध्यापिका. तिघांनी हुबेहूब तेच केलं: ओळ निवडली, 'बी' दाबलं, आकडा वाढवला, मधोमध आणली. स्टाइलचा डबा टूलबारवर सगळ्यात डावीकडे, म्हणजे मानाच्या पहिल्या पाटावर बसलेला आहे. एकानेही त्याला हात लावला नाही. नंतर विचारलं, हे काय असेल? एक म्हणाले, "फॉन्टचंच दुसरं नाव असेल." मुख्याध्यापिका म्हणाल्या, "इंग्रजीत डीफॉल्ट लिहिलंय, म्हणजे हात लावायचा नसेल."

हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. त्यांचं काय चुकलं? 'बी' दाबलं की डोळ्यांदेखत अक्षर ठळक होतं. स्टाइल लावली तर काय होईल हे आधी कळत नाही, लावल्यावर कुणी केलं हे कळत नाही, आणि पुढे बिघडलं तर कुठे बघायचं हेही कळत नाही.

तर दोन गोष्टी. एक, माझे ते साडेतेरा कसे करू? दोन, ही स्टाइलची नियंत्रणं साध्या माणसाला हाताळता यावीत म्हणून नेमकं काय बदलायला हवं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

रामबागेची_ताई (इंदूर) · रविवार, रात्री ११:०५

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी, नाहीतर तुमचा मुद्रक अकरावा फर्मा चढवून मोकळा होईल.

स्टाइलच्या खिडकीत फॉन्टचा भाग उघडा. तिथे एक नाही, दोन (काहींकडे तीन) फॉन्ट आणि तितकेच आकार असतात. एक 'वेस्टर्न', म्हणजे रोमन अक्षरांसाठी. एक 'एशियन', तो चिनी-जपानी-कोरियनसाठी. नाव वाचून आपलाच वाटतो पण आपला नाही. आणि एक 'सीटीएल', कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट. देवनागरी, गुजराती, अरबी, तमिळ हे सगळं त्यात. तुम्ही वेस्टर्नचे साडेतेरा केलेत. सीटीएल चौदावरच आहे. वर्डमध्येही हाच प्रकार आहे, तिथे 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' असा वेगळा कप्पा असतो.

मी बावीस वर्षं डीटीपी करतेय. जुनी माणसं इथे का गोंधळतात तेही सांगते. कृतिदेव किंवा श्रीलिपीचे जुने फॉन्ट असतात ना, त्यात अक्षर दिसतं 'क' पण फायलीत साठवलेला असतो इंग्रजी कीचाच संकेत. प्रोग्रामच्या लेखी ते इंग्रजीच. त्यामुळे त्या काळी वेस्टर्नचा आकार बदलला की मराठी बदलायचं. युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा संकेत) आल्यावर मराठी सीटीएलमध्ये गेली आणि आपल्याला कुणी सांगितलंच नाही. तुमच्या स्मरणिकेत एखादा लेख कृतिदेवमधला असेल तर तो गुपचूप साडेतेराचा झालेला असेल, बघा.

दुसऱ्या प्रश्नावर उद्या. आत्ता एका लग्नपत्रिकेचं प्रूफ आहे.

---

लोकमान्यनगरी · रविवार, रात्री ११:३०

ताई, धन्य! झाले साडेतेरा. आणि हो, दोन लेख कृतिदेवमधले निघाले, खरंच बारीक झाले होते.

पण तरीही १६३ पानं. साधारण एक तृतीयांश परिच्छेद चौदावरच अडून बसलेत.

---

जिलबीबहाद्दर · सोमवार, सकाळी ७:५०

सोमवारी सकाळी पोह्यांबरोबर हा धागा. वाचतोय. मी तर आजवर 'स्टाइल' म्हणजे ती वळणदार अक्षरंच समजत होतो.

---

लष्करवाला (ग्वाल्हेर) · सोमवार, सकाळी ९:१५

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. हा सगळा घोळ स्टाइल नावाच्या प्रकरणानेच घातलेला आहे. मी तीस वर्षं कॉलेजात शिकवलं, टाइपरायटरवर प्रबंध केला, पुढे कॉम्प्युटरवर शेकडो प्रश्नपत्रिका काढल्या. ठळक, अधोरेखित, मधोमध. चौथं काही लागलं नाही. दोन पानांच्या अर्जासाठी माणसाने 'पॅराग्राफ, कॅरेक्टर, फ्रेम, पेज, लिस्ट, टेबल' असल्या सहा प्रकारच्या स्टाइली शिकाव्यात ही अपेक्षाच चूक. बाकीचं डीटीपीवाले बघून घेतात.

---

रामबागेची_ताई · सोमवार, सकाळी ९:४०

सर, ते डीटीपीवाले म्हणजे मी. तुमच्या 'चौथं काही लागलं नाही'मधून मागच्या महिन्यात मी एका प्रबंधाचे ४१२ मथळे एकेक करून शोधले. काही अठराचे, काही सतराचे, काही ठळक पण डावीकडे. कुठला मथळा आणि कुठलं नुसतं ठळक केलेलं वाक्य, हे मला विषय न कळता ओळखायचं होतं. विषय होता मृदाशास्त्र.

दोन पानांच्या अर्जाला स्टाइल नको, हे मात्र शंभर टक्के मान्य.

---

कोडकिडा (इंदूर) · सोमवार, दुपारी १:१०

काका, तुमचे अडून बसलेले परिच्छेद म्हणजे थेट फॉरमॅटिंग. लेखकाने (किंवा वर्डमधून कॉपी करताना वर्डने) तिथे हाताने १४ लावलेले आहेत. स्टाइल सांगते साडेतेरा, हाताने लावलेलं सांगतं चौदा, आणि हाताचं नेहमी जिंकतं. परिच्छेद निवडून कंट्रोल-एम दाबा, हाताचं सगळं निघून जाईल आणि स्टाइलचं तेवढं उरेल. वर्डमध्ये अक्षरांसाठी कंट्रोल-स्पेस आणि परिच्छेदासाठी कंट्रोल-क्यू.

जपून: लेखकाने मुद्दाम ठळक केलेले शब्दही साधे होतील. आधी त्या शब्दांना कॅरेक्टर स्टाइल (अख्ख्या परिच्छेदाला नव्हे, निवडलेल्या अक्षरांनाच लागणारी) लावून घ्या, ती कंट्रोल-एमने जात नाही.

आता दुसरा प्रश्न, जो मला जास्त आवडला. हे अदृश्य असणं हाच खरा रोग आहे. निवृत्त लोकांना विचारा, वर्डपरफेक्ट या जुन्या लेखनाच्या प्रोग्राममध्ये 'रिव्हील कोड्स' होतं. ऑल्ट-एफ३ दाबलं की खाली खिडकीत दिसायचं, इथे ठळक सुरू, इथे ठळक बंद. कुरूप, पण प्रामाणिक. पुढे पडदा छापील पानासारखा दिसायला लागला आणि कोड गेले. आकार दिसतो, त्यामागचं कारण दिसत नाही.

लिबरऑफिसने अलीकडे दोन गोष्टी केल्यात. ७.१ मध्ये (२०२१) स्टाइल इन्स्पेक्टर आला. कर्सर जिथे असेल तिथे काय स्टाइलमुळे आणि काय हाताने, ते साइडबारमध्ये दिसतं. मग ७.६ मध्ये (२०२३) स्पॉटलाइट. स्टाइलच्या यादीखाली एक खूण करायची, की प्रत्येक परिच्छेदाच्या कडेला रंगीत चौकोन आणि आकडा येतो; यादीत त्या स्टाइलपुढे तोच रंग, तोच आकडा. हाताने काही बदललेलं असेल तर चौकोनात तिरप्या रेघा. काका, करून बघा, तुमची १६३ पानं होळीसारखी दिसतील.

---

लोकमान्यनगरी · सोमवार, रात्री ९:००

केलं. होळी नव्हे, रंगपंचमी, आणि ती आपल्या राजवाड्यावरची! पण एका नजरेत कळलं हे खरं. कडेला तिरप्या रेघा दिसल्या की तिथे कंट्रोल-एम. तासाभरात १५९ पानांवर आलो. मुद्रकाला फोन केला. तो म्हणाला, "मग एक पान कोरं सोडा, पाहुण्यांच्या सह्यांना." बरं.

आता तक्रार. तो इन्स्पेक्टर. उघडल्यावर मला वाटलं मी कुणाच्या तरी इंजिनमध्ये डोकावतोय. 'कॅरेक्टर हाइट कॉम्प्लेक्स' वगैरे नावांची लांबच लांब उतरंड. अरे, मला एवढंच सांगा की हा आकार कुणी दिला. माझ्या मनात जे आहे ते असं: परिच्छेदात कर्सर ठेवला की कडेला साध्या भाषेत दोन ओळी दिसाव्यात.

"आकार साडेतेरा: 'मजकूर' या स्टाइलने दिला.
ठळक: हाताने केलं."

आणि दुसऱ्या ओळीपुढे दोनच बटणं: 'काढून टाका' आणि 'स्टाइलमध्ये घाला'. बस. बँकेच्या पासबुकात कसं, रक्कम आली तर कुठून आली ते समोर लिहिलेलं असतं. नुसती शिल्लक दाखवणारं पासबुक कोण ठेवेल?

---

कोडकिडा · सोमवार, रात्री ९:४५

काका, पासबुक भारी! दुसरं बटण तर जवळपास आहेच: 'अपडेट सिलेक्टेड स्टाइल', कंट्रोल-शिफ्ट-एफ११. एक मथळा हाताने हवा तसा सजवायचा, पूर्ण निवडायचा, ही की दाबायची. बाकीचे सगळे मथळे तसे होतात. वर्डमध्ये स्टाइलच्या नावावर राइट-क्लिक केलं की 'अपडेट... टू मॅच सिलेक्शन' असं येतं. गुगल डॉक्समध्येही मथळ्यांना हे आहे. मात्र तिथे स्वतःच्या नावाची नवी स्टाइल करता येत नाही, ठरलेले मथळे, शीर्षक, उपशीर्षक आणि साधा मजकूर एवढ्यावरच भागवायचं.

---

रामबागेची_ताई · सोमवार, रात्री १०:१५

हे मी माझ्याकडच्या मुलींना पहिल्या दिवशी शिकवते. "आधी हाताने करा, मग स्टाइलला शिकवा." ती डझनभर टॅबांची खिडकी उघडायचीच नाही. मुली दोन दिवसांत तयार होतात. खिडकीवरून शिकवायचे तेव्हा महिना लागायचा.

आणि लोकमान्यनगरी, याचा तुमच्या पहिल्या प्रश्नाशीही संबंध आहे. मराठी मजकूर निवडून टूलबारवर आकार बदलला तर प्रोग्राम लिपी ओळखतो आणि सीटीएलचाच आकार बदलतो. मग तो स्टाइलला शिकवला की बरोबर कप्प्यात जातो. म्हणजे पुढच्या दाराने, ती खिडकी उघडून गेलात तर वेस्टर्न-एशियन-सीटीएलची चौकशी. मागच्या दाराने गेलात तर कुणी काही विचारत नाही. ज्याला नियम माहीत त्याचीच अडवणूक, असा कारभार.

मला बदल सुचवायचा तर हा: फायलीत ज्या लिप्या आहेत त्यांचेच कप्पे दाखवा, आणि मजकूर मराठी असेल तर मराठीचा कप्पा वर. 'सीटीएल' ही काय भाषा झाली? लिहा ना सरळ 'देवनागरी'.

एक सावधगिरी. वर्डमध्ये स्टाइलच्या खिडकीत 'ऑटोमॅटिकली अपडेट' अशी एक खूण असते. ती चुकून लागली की एक अख्खा परिच्छेद ठळक केला, तर त्या स्टाइलचे सगळे परिच्छेद न विचारता ठळक. एक वकीलसाहेब दस्त घेऊन माझ्याकडे आले होते, "व्हायरस आलाय" म्हणत. व्हायरस नव्हता, ती खूण होती. शिकवायचं असेल तर की दाबून शिकवा, स्टाइलने चोरून ऐकलेलं बरं नव्हे.

---

दांडियाबाजारी (वडोदरा) · मंगळवार, सकाळी ८:३०

'देवनागरी' लिहा म्हणताय ताई, पण आमचं काय? आमच्याकडे मंडळाची प्रत्येक सूचना मराठी आणि गुजराती अशी दोन्हींत निघते, एकाच कागदावर. सयाजीरावांच्या गावात दोन्ही हव्यातच. प्रोग्रामच्या लेखी दोन्ही लिप्या सीटीएल. म्हणजे एका स्टाइलमध्ये दोघींना मिळून एकच फॉन्ट. फॉन्ट नुसता देवनागरीचा असेल तर गुजरातीसाठी कॉम्प्युटर गुपचूप दुसराच कुठला तरी फॉन्ट आणतो, आणि गंमत म्हणजे टूलबारवर नाव पहिल्याचंच राहतं! घरात राहतो भाडेकरू, पाटी मालकाची. छापखान्याच्या मशीनवर तो दुसरा फॉन्ट नसला की तिसराच येतो आणि ओळी सरकतात.

सध्या मी 'गुजराती' नावाची एक कॅरेक्टर स्टाइल करून ठेवली आहे, तिला गुजराती फॉन्ट. विंडोजवरचा निर्मला यूआय दोन्ही लिप्या जाणतो, सूचनेपुरता तोही चालतो. पण लग्नाच्या वाढदिवसाचं मानपत्र त्यात शोभत नाही हो.

तर माझी मागणी: फॉन्टचा कप्पा लिपीगणिक असावा. आणि नसलेला फॉन्ट बदलला असेल तर तसं सांगावं.

---

शुद्धलेखनबुवा (इंदूर) · मंगळवार, सकाळी ११:००

अवांतर वाटेल, पण नाही.

लोकमान्यनगरी, तुमच्या स्मरणिकेतला 'ल' आणि 'श' बघून घ्या. हिंदी वळणाचे आलेत की मराठी? युनिकोडमध्ये संकेत एकच. ज्या फॉन्टात दोन्ही रूपं असतात तो भाषा बघून रूप निवडतो. आणि ही भाषा कुठे ठरते? त्याच स्टाइलच्या खिडकीत, फॉन्टशेजारी, सीटीएलच्या कप्प्यात 'लँग्वेज' म्हणून. आपल्या मध्य प्रदेशात कॉम्प्युटर घेतला की दुकानदार हिंदी लावून देतो. मग आपण मराठी लिहितो आणि प्रोग्राम हिंदी समजतो. स्पेलिंग तपासणी हिंदीची, त्यामुळे 'आहे'पासून 'नाही'पर्यंत सगळं लाल. लोक वैतागून तपासणीच बंद करतात.

मजकुराच्या मूळ स्टाइलमध्ये एकदा 'मराठी' निवडलं की तिच्यावर बेतलेल्या सगळ्या स्टाइलींत ते उतरतं. चार पिढ्या होळकरांच्या गावात राहून घरात मराठी टिकवली, ती फायलीत टिकू नये?

---

जिलबीबहाद्दर · मंगळवार, सकाळी ११:१२

बुवा, आत्ता बघितलं. माझ्याकडे खरंच हिंदी निघालं. इतकी वर्षं मला वाटायचं माझंच शुद्धलेखन गंडलंय.

---

शुद्धलेखनबुवा · मंगळवार, सकाळी ११:२०

तेही आहेच.

---

लष्करवाला · मंगळवार, दुपारी ४:००

एक कबुली देतो. कोडकिडा यांचं वाचून नातवाकडून माझ्या आठवणींच्या फायलीत मथळ्यांना 'हेडिंग'ची स्टाइल लावून घेतली. कंट्रोल-१ दाबलं की लागते, एवढं सोपं असेल तर ठीक. नंतर त्याने दोन क्लिक केल्या आणि सव्वादोनशे पानांची अनुक्रमणिका पृष्ठक्रमांकांसह हजर. मी ती आजवर हाताने करत होतो, आणि दर वेळी एक पान वाढलं की सगळी पुन्हा.

म्हणजे स्टाइल ही दिसण्याची गोष्ट नाहीच. मग तिला 'स्टाइल' का म्हणायचं? माझा आक्षेप नावाला आहे. स्टाइल म्हटलं की माणूस नटवण्याचा विचार करतो. 'हा काय आहे' हे सांगायचं असेल तर 'प्रकार' म्हणा, 'भूमिका' म्हणा. बाकी माझं मत कायम: अर्जाला स्टाइल नको.

---

कोडकिडा · मंगळवार, सायंकाळी ६:३०

सर, नावाचा मुद्दा एकदम पटला. आणि ही कल्पना काही नवी नाही: वर्डच्या पहिल्या, १९८३ च्या डॉसवरच्या आवृत्तीतही स्टाइल शीट होतं. चाळीस वर्षं सोय आहे आणि चाळीस वर्षं लोक 'बी' दाबतायत. म्हणजे शिकवण्या कमी पडल्या असं म्हणण्यात अर्थ नाही.

नावांचा गोंधळ तर विचारूच नका. एका स्टाइलवर दुसरी बेतायची तर वर्ड म्हणतो 'बेस्ड ऑन', रायटर आता म्हणतो 'इनहेरिट फ्रॉम', आधी म्हणायचा 'लिंक्ड विथ'. त्यातून वर्डमध्ये 'लिंक्ड स्टाइल' म्हणजे भलतंच, परिच्छेद आणि अक्षर दोन्हींना चालणारी. काका, तुमच्या मुख्याध्यापिका बरोबर होत्या. 'डीफॉल्ट' वाचून हात मागे घेणं हेच शहाणपणाचं.

काका, एक प्रयोग सुचवतो. स्मरणिकेची रिकामी साचा-फाइल करा. स्वतःच्या स्टाइली फक्त सहा, मराठी नावांच्या: लेखाचं शीर्षक, लेखकाचं नाव, मजकूर, उपमथळा, कविता, तळची ओळख. यादीखाली 'कस्टम स्टाइल्स' निवडलंत की एवढ्या सहाच दिसतील. त्याच तिघांना पुन्हा बसवा. मी रविवारी येतो लोकमान्यनगरला, पोहे तुमच्याकडे, जिलेबी मी आणतो.

---

दांडियाबाजारी · मंगळवार, रात्री ८:००

'कविता' करणार असाल तर एक. आमच्या अंकात दर ओळीनंतर एंटर मारलेला, आणि स्टाइलमध्ये परिच्छेदाखाली जागा सोडलेली. कविता अशी फाकली की दोन पानं खाल्ली. स्टाइलच्या 'इंडेंट्स अँड स्पेसिंग'मध्ये 'एकाच स्टाइलच्या परिच्छेदांमध्ये जागा सोडू नका' अशा अर्थाची खूण आहे. ती लावा. कडव्यांमध्ये मात्र एक ओळ रिकामी सोडावी लागेल.

---

रामबागेची_ताई · मंगळवार, रात्री ८:२०

'शीर्षक'च्या स्टाइलला 'नेक्स्ट स्टाइल' म्हणून 'लेखकाचं नाव' द्या आणि 'लेखकाचं नाव'ला 'मजकूर'. मग शीर्षक टाइप करून एंटर मारला की आपोआप पुढची स्टाइल येते. माणसाला निम्मं निवडावंच लागत नाही.

आणि सरांसाठी: वर्डमध्ये 'रिव्ह्यू'खाली 'रिस्ट्रिक्ट एडिटिंग' आहे, तिथे फॉरमॅटिंग ठरावीक स्टाइलींपुरतं बांधून टाकता येतं. मग 'बी' करडं पडतं, दाबलं तरी काही होत नाही. एका संस्थेच्या अहवालाला मी हे केलं. दुसऱ्या दिवशी तिघांचे फोन, "कीबोर्ड बिघडलाय." काढून टाकलं. माणसाच्या हातातलं काढून घेऊन नाही चालत हो.

---

लोकमान्यनगरी · रविवार, दुपारी ३:४०

प्रयोग झाला. कोडकिडा साक्षीला होता, जिलेबी संपली.

साचा दिला, उजवीकडे सहा नावांची यादी उघडी ठेवली, तोंडाने काही सांगितलं नाही. फक्त "हा लेख साच्यात बसवा."

पहिले, फॉन्टचं दुसरं नाव म्हणणारे. यादीत 'लेखाचं शीर्षक' वाचलं, ओळीवर गेले, एकदा क्लिक केलं. काहीच झालं नाही, कारण साइडबारमध्ये दोनदा क्लिक करावं लागतं. टूलबारवरच्या डब्यात मात्र एकदाच पुरतं. एकाच घरात दोन कायदे. तिसऱ्या खेपेला जमलं, आणि पुढे सुसाट.

दुसऱ्या, त्याच मुख्याध्यापिका. त्यांनी चार मिनिटांत पूर्ण लेख बसवला, एकदाही 'बी' न दाबता. म्हणाल्या, "हे मराठीत लिहिलं होतं म्हणून कळलं. आधी का नाही सांगितलंत?"

तिसऱ्या काकूंनी आम्हाला गार केलं. त्यांना कविता दिली होती. त्यांनी अख्ख्या कवितेला 'लेखकाचं नाव' लावलं. का? तर ती स्टाइल उजवीकडे सरकलेली आणि तिरकी आहे, यादीत तिचं नाव तसंच तिरकं दिसतं, "कवितेला हे छान दिसतं." यादीत 'कविता' लिहिलेलं होतं, एक ओळ खाली.

---

लष्करवाला · रविवार, दुपारी ४:१०

बघा! मी म्हणत होतो, स्टाइल म्हटलं की माणूस नटवणार. तुम्ही यादीत नमुने दाखवलेत म्हणजे कापडाच्या दुकानात बसवलंत त्यांना.

---

कोडकिडा · रविवार, सायंकाळी ५:००

यादीतले नमुने बंद करता येतात, खाली 'शो प्रीव्ह्यूज' आहे. पण सर, नमुने नसते तर पहिल्या काकांना 'शीर्षक' आणि 'उपमथळा' यातला फरक कळला नसता. मला वाटतं नमुना नुसत्या नावाचा नको, छोट्याशा पानाचा हवा: वर शीर्षक, खाली नाव, खाली मजकूर, आणि जी स्टाइल निवडतोय ती त्या पानावर कुठे बसते ते उजळलेलं. मग काकूंना दिसलं असतं की 'लेखकाचं नाव' ही एकच ओळ असते.

एक क्लिक-दोन क्लिकचं मी आज रात्री लिबरऑफिसच्या बगझिलावर (तक्रारी नोंदवायची साइट) शोधतो. आधी कुणी नोंदवलेलं नसेल तर नोंदवतो. सीटीएलच्या कप्प्याचंही. ताई, तुमचं 'देवनागरी लिहा ना सरळ' हे इंग्रजीत कसं घालू?

---

रामबागेची_ताई · रविवार, सायंकाळी ५:२५

तसंच घाल. सोबत दोन चित्रं जोड: वेस्टर्न बदलल्यावर काय झालं, आणि काय व्हायला हवं होतं. लोकमान्यनगरींची ती बँकेची नावं खुजी झालेली पानं आहेत ना, तीच दे.

आणि काकूंच्या कवितेचं काय केलं?

---

लोकमान्यनगरी · रविवार, रात्री ९:१५

काकूंसमोर बदलवेना. 'कविता' हीच स्टाइल उजवीकडे सरकवून तिरकी केली, नवांच्या नऊ कविता तशा झाल्या. छान दिसतात, खरं सांगतो.

आज अध्यक्षांचं मनोगतही आलं. वहीची चार पानं, मोबाइलवर फोटो काढून. मथळ्याखाली फूटपट्टीने दोन रेघा ओढलेल्या आहेत.